वेग आणि वेध

पिस्तूल हें अवचित ओढवणाऱ्या प्रसंगासाठीं कमरेला बाळगण्याचें शस्त्र. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्याच्या बहुतेक स्पर्धा ठरलेल्या जागीं उभें राहून, एक हात लांब करून, वर्तुळाकार निशाणावर होत असत. प्रत्यक्ष प्रसंगीं हें कौशल्य कितपत उपयोगी पडेल, अशी शंका जेफ कूपर या अमेरिकन नेमबाजास आली. मरीन दलांत अधिकारी राहिलेल्या कूपर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील बिग बेअर येथें निराळ्या धर्तीच्या स्पर्धा सुरू केल्या.

या स्पर्धांत दोन नेमबाजांची झुंज लागे. २१ फुटांवर १८ इंच रुंदीचे १२ फुगे लावलेले असत. इशारा होतांच कमरेच्या चामडी घरांतून पिस्तूल काढावयाचें. सर्व फुगे जो आधीं फोडील तो विजयी. पिस्तूल बाहेर पडतांच कमरेजवळूनच बार काढणें सर्वांत जलद, अशी बहुतेकांची समजूत होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशांतलाच हा प्रकार. पहिला बार झटकन् निघे. पण फुगा जागच्या जागीं राही, आणि मग गोळ्यामागून गोळ्या वायां जात.

लॉस एंजेलिस परगण्याच्या शेरीफ-दलांतील जॅक वीव्हर यांनीं १९५९ मध्यें दुसरी वाट धरली. त्यांनीं पिस्तूल दोन्ही हातांनीं धरून डोळ्यांसमोर आणलें आणि नळीच्या टोकावरील माशी पाहून मगच चाप ओढला. यांत क्षणाचा अंश अधिक खर्च होई. परंतु गोळी फुकट जात नसे. उजवा हात पिस्तूल पुढें रेटी, डावा तें मागें ओढी. त्यामुळें बाराच्या धक्क्यानें उसळलेली नळी लौकर ठिकाणावर येई. कमरेवरून बार काढणारे प्रतिस्पर्धी त्यांच्यापुढें हरूं लागले, आणि कूपर यांनीं ही पद्धति आपल्या शिकवणुकींत समाविष्ट केली.

१९७६ मध्यें मिसूरी राज्यांतील कोलंबिया येथें या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अचूकपणा, शक्ति आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हें तिचें ब्रीद. या ब्रीदांत वेगाचें स्थान तिसरें आहे. बहुतेक फेऱ्यांत मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनीं भागून निकाल काढतात. समजा, प्रत्येकीं ५ गुणांचे १२ वेध १० सेकंदांत साधले, तर ६० गुणांचा भागाकार ६ येतो. दुसऱ्यानें घाई करून ८ सेकंदांत काम उरकलें, पण एक वेध चुकविला, तर ५५ गुणांतून १० दंड वजा होऊन ४५ उरतात. भागाकार साडेपांच-पावणेसहांच्या दरम्यान. दोन सेकंद वांचवूनहि तो मागें पडतो.

पुढील दशकांत रॉब लेदम व ब्रायन एनोस यांनीं वीव्हर यांच्या पद्धतींतहि फेरफार केला. हातांची ओढाताण सोडून त्यांनीं दोन्ही हात सारखे पुढें केले. उसळलेलें पिस्तूल सहज परतूं दिलें, आणि माशी निशाणावर परत येतांना डोळ्यांनीं टिपली. लेदम यांनीं १९८३ चें जागतिक अजिंक्यपद मिळविलें.

सरावाची रीतिहि याच विचारावर उभी आहे. पिस्तूल रिकामें असल्याची खात्री करून नेमबाज एकेक क्रिया सावकाश घोटतो: मूठ पकडणें, शस्त्र बाहेर काढणें, नळी निशाणाकडे वळविणें, दुसरा हात जोडणें, माशी नजरेंत आणणें. अनावश्यक हालचाल गळत जाते आणि तेवढा वेळ आपोआप वांचतो. स्नायू आवळून केलेली घाई मात्र नेम हालविते.

मैदानावर हुकलेल्या गोळीची किंमत दहा गुण असते. वीव्हर यांच्यासारख्या शिपायाची गोळी भर रस्त्यांत हुकली, तर ती कोणा निरपराध्याच्या अंगांत शिरूं शकते. म्हणूनच वेध साधेल तेवढाच वेग घ्यावयाचा, हा नियम त्या फुग्यांच्या खेळापुरता राहिला नाहीं.