प्रतिपिंड चाचणी आणि रक्तनमुन्याचा प्रवास

मे २०२० मध्ये ब्रिटनच्या औषध व वैद्यकीय उपकरण नियामक संस्थेने, म्हणजे एमएचआरएने, घरी बोट टोचून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत कोविड प्रतिपिंडांची (अँटिबॉडी) चाचणी करून देणाऱ्यांना ती सेवा तात्पुरती थांबवण्यास सांगितले. आक्षेप यंत्रांवर नव्हता. त्या चाचण्या शिरेतून काढलेल्या रक्तासाठी प्रमाणित होत्या. घरी घेतलेल्या बोटाच्या रक्तावरही त्यांचा निकाल तितकाच विश्वसनीय ठरतो, हे तोवर सिद्ध व्हायचे होते.

प्रतिपिंडे ही प्रथिने असून त्यांतील आयजीजी हा प्रकार बराच चिवट आहे. वेगळे केलेले सीरम २ ते ८ अंश सेल्सिअसला काही दिवस सहज टिकते. नाजूक असतो तो नमुना. बोट पिळून पिळून थेंब काढले की तांबड्या पेशी फुटतात. त्यांतून सुटलेले हिमोग्लोबिन काही चाचण्यांच्या मापनात लुडबुड करते. गोठणरोधक असलेली नळी हलक्या हाताने उलटसुलट केली नाही, तर गुठळ्या होतात. काळजीपोटी नळी घरच्या फ्रीझरमध्ये ठेवणे तर सर्वांत घातक, कारण गोठताना पेशी फुटतातच. वेगळे केलेले सीरम गोठवता येते, मात्र ते वारंवार वितळवले की प्रतिपिंडांची हानी होते. म्हणूनच २००६ ते २०१० या काळात पाच लाख स्वयंसेवकांचे नमुने घेणाऱ्या 'यूके बायोबँके'ने ते अनेक छोट्या नळ्यांत विभागले आणि उणे ८० अंशांवर व द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवले. एक नळी काढली तरी बाकीच्या गोठलेल्याच राहतात.

टपालपेटीला असे तापमान-नियंत्रण नसते. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. लाल पेटीच्या आत काय असेल, याची कल्पनाच करावी. शुक्रवारी संध्याकाळी नमुना टाकणे टाळावे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

निकाल सीमारेषेजवळ असला की या साऱ्याला वजन येते. हेपटायटिस-बी लशीनंतर प्रतिपिंडे मिलिलिटरला १० मिली-एककांहून कमी भरली, तर आरोग्य कर्मचाऱ्याला लशीची संपूर्ण मालिका पुन्हा घ्यावी लागू शकते. एनएचएसमध्ये शस्त्रक्रियेसारखी कामे करू इच्छिणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरांनी आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. हेपटायटिस-बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासणीसाठी रक्त छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहूनच घेतले जाते आणि तो नमुना उमेदवाराला स्वतः प्रयोगशाळेत नेता येत नाही. पुण्यामुंबईहून सोबत आणलेला अहवाल त्यामुळे सहसा पुरेसा ठरत नाही.