एक गाव, अनेक नावे : ज्ञानकोशाच्या शोधपेटीतले ठाणे, कल्याण आणि डोंबिवली

१/
ऑनलाइन ज्ञानकोशाच्या शोधपेटीत नुसता 'कल्याण' हा शब्द टाकला, तर किती कल्याणे भेटतील? हिंदुस्थानी संगीतातील एक थाट. चालुक्यांची राजधानी. गोरखपूरहून निघणारे हिंदी मासिक. समाजकल्याण खाते. आणि या गर्दीत कुठेतरी उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेले, दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागरी व्यापाराला ठाऊक असलेले कल्याण शहर.

२/
यात यंत्राची चूक नाही. त्याला अक्षरे दिली, त्याने अक्षरे जुळवली. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र अक्षरे नको असतात, गाव हवे असते. ठाणे-कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात गावे बहुतेक जागच्या जागी राहिली. नावे, त्यांचे उच्चार आणि जिल्ह्याच्या सीमा मात्र राजवटींबरोबर बदलत गेल्या. त्या नावांचा हा मागोवा.

३/
आधी एक फसगत. बाराव्या शतकात कल्याणच्या एका राजाने संस्कृतात चक्क ज्ञानकोश लिहिला. ग्रंथाचे नाव 'मानसोल्लास'. शंभर अध्याय, आणि विषय राज्यकारभारापासून पाककला, रत्नपरीक्षा, हत्ती, संगीत व खेळांपर्यंत. कर्ता चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, काळ इ.स. ११२९ च्या सुमाराचा. 'कल्याण' आणि 'ज्ञानकोश' हे दोन शब्द शोधणाऱ्या कल्याणकराची छाती अभिमानाने फुगावी, असा हा ऐवज.

४/
पण ते कल्याण हे नव्हे. चालुक्यांचे कल्याण, अर्थात कल्याणी, म्हणजे कर्नाटकातील बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. बसवेश्वरांचे कार्यही तेथलेच. त्या काळात उत्तर कोकणावर शिलाहारांचा अंमल होता. दोन शहरांचे नाव एक निघाले, म्हणून एकाचा इतिहास दुसऱ्याच्या खात्यात जमा करता येत नाही. शोधपेटी हा भेद स्वतःहून सांगेलच असे नाही.

५/
शब्दावरून मजकूर शोधण्याची ही खटपट संगणकापेक्षा फार जुनी आहे. ऋग्वेदाची 'सर्वानुक्रमणी' कात्यायनाच्या नावावर आहे. तिच्यात प्रत्येक सूक्ताचे आरंभीचे शब्द, म्हणजे 'प्रतीक', दिले आहेत. सोबत ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद. आरंभीचा शब्द आठवला की सूक्त हाती लागावे, ही तिची सोय. कळशब्दाची कल्पना भारताला नवी नव्हती.

६/
आधुनिक मराठीत हे काम डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अंगावर घेतले. त्यांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात २३ खंडांत सिद्ध झाला. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे. त्यानंतर अकारविल्हे नोंदी. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून 'मराठी विश्वकोश' निघू लागला. त्याचा पहिला खंड १९७६ चा. विसावा खंड पुरा होईपर्यंत एकविसावे शतक उजाडले होते.

७/
छापील कोशातला सर्वांत उपयोगी शब्द कोणता? 'पहा'. वाचक एका नावाखाली शोधत आला आणि मजकूर दुसऱ्या नावाखाली असला, तर संपादक त्याला बोट धरून तिकडे नेई. या दोन अक्षरांमागे मोठी मेहनत होती : एकाच गोष्टीला लोक कोणकोणत्या नावांनी ओळखतात, याचा विचार आधीच कुणीतरी करून ठेवलेला असे.

८/
मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा. विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोशही पुढे संकेतस्थळांवर आले. खंड चाळण्याची गरज उरली नाही. शोधयंत्र आपल्या पोटात एक उलटी सूची ठेवते : पानावर कोणते शब्द आहेत हे नव्हे, तर कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे. म्हणून उत्तर क्षणात येते. मात्र 'पहा' म्हणणारा संपादक प्रत्येक वळणावर उभा असेलच, याची हमी राहिली नाही.

९/
मराठीची अडचण आणखी वेगळी. 'ठाणे' हा शब्द विभक्ती घेताच रूप पालटतो : ठाण्यात, ठाण्याचा, ठाण्याहून. या रूपांत 'ठाणे' ही अक्षरे जशीच्या तशी उरतच नाहीत. केवळ अक्षरे जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी 'ठाण्याचा किल्ला' या शब्दांत ठाणे नाहीच. 'कल्याणचा' किंवा 'डोंबिवलीत' या रूपांत मूळ नाव शाबूत राहते, म्हणून ती दोन शहरे त्या मानाने सहज सापडतात.

१०/
त्यात शुद्धलेखन. जुन्या मराठीत नपुंसकलिंगी नामावर अनुस्वार असे. तेव्हा गावाचे नाव 'ठाणें' असे छापले जाई. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले. केतकरांच्या काळचा मजकूर त्याआधीचा आहे. नेमका शब्द जुळवणाऱ्या यंत्राला 'ठाणे' आणि 'ठाणें' हे दोन शब्द वाटतात. 'किनाऱ्यावर' या शब्दातला 'ऱ्या' तर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो.

११/
आता प्रत्यक्ष नावांकडे. शिलाहारांच्या लेखांत ठाण्याचे नाव 'स्थानक' किंवा 'श्रीस्थानक' असे येते. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असता एक ताम्रपट सापडला. तो शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ चा, म्हणजे इ.स. १०१७ चा. त्याचे भाषांतर १७८८ मध्ये कोलकात्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात प्रसिद्ध झाले. भारतीय पुराभिलेखांच्या आधुनिक अभ्यासाच्या अगदी आरंभी ठाणे असे उभे आहे.

१२/
या ताम्रपटानंतर थोड्याच वर्षांनी अल्-बिरूनीने कोकणची राजधानी म्हणून 'ताना' हे नाव नोंदवले. मार्को पोलोच्या वृत्तांतातही 'ताना'चे राज्य येते. चौदाव्या शतकात इटलीचा फ्रान्सिस्कन भिक्षू ओडोरिक येथे येऊन गेला. त्याच्याही लेखनात हेच नाव. पोर्तुगीजांनी ते पुढे चालवले आणि इंग्रजांनी त्याचे 'टॅना' केले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली, ती त्या वेळच्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या लेखी 'टॅना'ला पोहोचली.

१३/
म्हणजे शोधपेटीत फक्त 'ठाणे' टाकणाऱ्यास आजची महापालिका, तलाव आणि लोकल गाड्या मिळतील. शिलाहार, अरब, इटालियन आणि पोर्तुगीज मात्र निसटून जातील. उलट बाजूने 'पोलीस ठाणे' असलेली शेकडो पाने विनाकारण अंगावर येतील. मजकुराचा पूर आणि मजकुराचा दुष्काळ, दोन्ही एकाच शब्दाने ओढवतात.

१४/
कल्याणची कथा याहून लांब. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकानयन-ग्रंथात 'कल्लिएना' बंदराचा उल्लेख आहे. त्या बंदरात आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशी तक्रार तेथे नोंदलेली आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरली आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस 'कल्लियाना' लिहितो आणि तेथील ख्रिस्ती बिशपचा उल्लेख करतो.

१५/
मुसलमानी अमलात कल्याणला 'इस्लामाबाद' असेही नाव पडले होते. आज हा शब्द शोधला की पाकिस्तानची राजधानी समोर येते. तिला बाजूला सारले तरी गुंता सुटत नाही : मोगल काळात चाकण, मथुरा आणि चितगाव यांनाही हेच नाव दिले गेले. एखाद्या जुन्या कागदात 'इस्लामाबाद' आढळले, तर ते कोणते, हे तारीख, लेखक आणि शेजारच्या गावांची नावे पाहूनच ठरवावे लागते. येथे कळशब्द पुरत नाही, संदर्भच कामी येतो.

१६/
डोंबिवलीचे दुखणे उलट आहे. तिचे नाव इतके वेगळे की नामसाम्याचा घोटाळा जवळजवळ नाही. पण जुना काळ शोधताना हाती फारसे लागत नाही, आणि 'डोंबिवलीला इतिहासच नाही' असा समज होतो. मजकूर न सापडणे म्हणजे इतिहास नसणे नव्हे. लहान गावांचा इतिहास पुष्कळदा मोठ्या शेजाऱ्याच्या नावाखाली, म्हणजे कल्याण तालुक्याच्या नोंदींत, दडलेला असतो.

१७/
शेजारच्या ठाकुर्लीचे उदाहरण घ्यावे. १९२० च्या दशकाअखेर रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी तेथे वीजकेंद्र उभे राहिले. चोळे गावावरून ते 'चोळे पॉवर हाऊस' म्हणून ओळखले गेले. इंग्रजी कागदांतले 'चोला' हे त्याचे रूप शोधपेटीत टाकले, तर तंजावरचे चोळ राजे पुढे येतात. फाळणीनंतरच्या सिंधी निर्वासितांचा इतिहासही असाच. उल्हासनगर हे नाव १९४९ चे. त्याआधीचा वृत्तान्त 'कल्याण कॅम्प' या नावाखाली शोधावा लागतो.

१८/
नाव तेच, पण सीमा वेगळ्या, असाही प्रकार आहे. 'बॉम्बे गॅझेटियर'चे ठाणे जिल्ह्यावरील खंड १८८२ चे. त्याच वर्षी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. तेव्हा सोपारा ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. आज रायगडमध्ये असलेले पनवेलही त्या खंडांत ठाण्याखालीच सापडते. जुन्या 'ठाणे जिल्हा' या शब्दांवर आजचा नकाशा ठेवला, तर अशोकच हातचा जातो.

१९/
गावांसारखीच माणसांचीही नावे. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणमध्ये यमुना नावाची मुलगी जन्मली. लग्नानंतर ती आनंदी झाली आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. मराठी वाचक त्यांना आनंदीबाई जोशी किंवा आनंदी गोपाळ म्हणून ओळखतो. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये बॉस्टनहून प्रसिद्ध केलेल्या चरित्राच्या नावात मात्र 'आनंदाबाई' असे आहे, आणि 'जोशी'च्या इंग्रजी अक्षरांत शेवटी दोन 'ई' आहेत. ही अक्षरे ठाऊक नसली, तर हे चरित्र सापडणे कठीण.

२०/
यावर उपाय आहे, आणि तो जुनाच आहे. विकिपीडियात 'पुनर्निर्देशन' असते : एका नावाने आलेल्या वाचकाला योग्य पानावर पोहोचवणारे. 'निःसंदिग्धीकरण' असते : एकाच नावाची अनेक कल्याणे वेगवेगळी मांडणारे. ही दोन्ही म्हणजे छापील कोशातल्या 'पहा'चेच नवे अवतार. फरक एवढाच की, पूर्वी ते संपादक मंडळ लिहीत असे. आता कोणताही जाणता वाचक लिहू शकतो.

२१/
तोवर शोधणाऱ्याने आपली यादी आपणच करावी. गावाचे नाव प्रत्येक राजवटीत काय होते? संस्कृत, अरबी-फारसी, पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदांत ते कसे लिहिले गेले? विभक्तीची रूपे कोणती? जुना अनुस्वार होता का? त्या वर्षी गाव कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या तालुक्यात होते? या नावाचे दुसरे गाव आहे का? या सहा प्रश्नांची उत्तरे जमवताना निम्मा इतिहास आपोआप वाचून होतो.

२२/
शेवटी पुन्हा ठाण्याच्या फलाटावर. शिलाहारांचे 'स्थानक' लोकांच्या जिभेवर झिजत झिजत 'ठाणे' झाले. मग आगगाडी आली, आणि ती थांबण्याच्या जागेला मराठीने संस्कृतातून तोच जुना शब्द पुन्हा उचलून दिला. रोज लाखो प्रवासी 'ठाणे स्थानक' म्हणतात, तेव्हा ते एकच शब्द दोनदा उच्चारतात. दोन उच्चारांच्या मध्ये हजार वर्षे असतात. शोधपेटीत 'स्थानक' टाकले तर रेल्वेची यादी येते. तिच्याआड श्रीस्थानक आहे, हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ते सापडते.