बांधावरचा झेंडू

आमच्या वांग्याच्या वावराला चहूबाजूंनी झेंडू असायचा. दसऱ्याला घरची तोरणं व्हायची, उरलेली फुलं बाजारात जायची. "झेंडू असला की मुळं निरोगी राहतात," असं आजी म्हणायची. तरी एका वर्षी पाणी, खत सगळं वेळेवर असूनही वांगी दुपारी माना टाकू लागली. वडिलांनी एक झाड उपटलं, तर मुळांवर मणी ओवावेत तशा गाठी! हंगाम गेला. आजीचं म्हणणं खोटं ठरलं, असं आम्ही सर्वांनी धरून चाललो.

या गाठी करणारी सूत्रकृमी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. १८५५ साली इंग्लंडमध्ये माइल्स बर्कले यांनी काचघरातल्या काकडीच्या मुळांवरच्या गाठींत ती पाहिली. भारतात १९०१ साली बार्बर यांनी दक्षिणेतल्या चहाच्या मळ्यात तिची नोंद केली. भेंडी, टोमॅटो, वांगी ही तर तिची हक्काची पिकं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनीत सोडायची रसायनं आली. त्यांतलं एक डीबीसीपी, म्हणजे 'नेमॅगॉन'. ते सूत्रकृमी मारायचं, यात शंका नाही. पण १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप इथे ते तयार करणारे कामगार आपापसांत बोलू लागले, की आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी पाळणा हलत नाही. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी किंवा अजिबात आढळले नाहीत. १९७९ साली अमेरिकेत त्याचे जवळजवळ सर्व वापर थांबले. भारतात १९८९ साली बंदी आली.

झेंडूचा अभ्यास त्याच्याही आधीपासून चालू होता. सूत्रकृमीच्या अळ्या झेंडूच्या मुळात शिरतात, पण तिथे वाढून अंडी घालत नाहीत, असं स्टायनर यांनी १९४१ साली अमेरिकेत नोंदवलं. १९५८ साली नेदरलँड्समध्ये उलेनब्रुक आणि बायलो यांनी झेंडूच्या मुळांतलं सूत्रकृमीनाशक द्रव्य ओळखलं. त्याचं नाव अल्फा-टर्थिएनिल. आपल्याकडे आर. एस. सिंग आणि सीतारामय्या यांनी १९६६ साली दाखवलं, की तेलबियांची पेंड मिसळलेल्या मातीत भेंडी-टोमॅटोच्या मुळांवर गाठी कमी येतात. पेंड कुजताना अमोनिया आणि सेंद्रिय आम्लं सुटतात, ती सूत्रकृमीला सोसत नाहीत. निंबोळी पेंडीत कडुनिंबाची कडू द्रव्यंही असतात.

हे सारं वाचलं तेव्हा आमचं काय चुकलं ते उमगलं. झेंडूचं हे काम त्याच्या मुळांत चालतं आणि मुळं पोचतात तिथपर्यंतच चालतं. बांधावरचा झेंडू फार तर बांध राखणार! भाजीचा वाफा राखायचा तर झेंडू त्याच वाफ्यात, दाट, दोनेक महिने हवा. मधे तणही नको, कारण सूत्रकृमी तणाच्या मुळांवरही जगते. दोन एकरवाल्याला दोन महिने भाजीविना काढणं सोपं नसतं, हे मला ठाऊक आहे. फुलांचे पैसे येतात, तेवढाच आधार.

आता मी वाफ्यात आधी झेंडू घेतो, दसऱ्याला फुलं विकतो, पेंड मिसळतो आणि मग वांगी लावतो. अधूनमधून एखादं झाड उपटून मुळं बघतो. गाठी अजूनही सापडतात, पण आता त्या मोजता येतात. आजी निम्मी बरोबर होती. तिला हे सांगायचं मात्र राहून गेलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)