जमिनीवरची माणसे



आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली, मिळेल त्या पुस्तकावर झाले. त्यामुळे इतिहासाचे कोणतेही पान उघडले की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्या दिवशी हजेरीपटावर कोण कोण होते? आज तोच प्रश्न आम्ही एका विमानतळाला विचारणार आहोत.

लंडनच्या आग्नेयेस, तेव्हाच्या केंट परगण्याच्या टेकाडांवर, बिगिन हिल नावाचे ठिकाण आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, तेथे विमानतळ सुरू झाला. जमिनीवरच्या माणसाला उडत्या विमानातल्या माणसाशी बिनतारी यंत्राने बोलता यावे, यासाठीचे प्रयोग तेथे झाले. पुढे १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडला, जर्मन विमाने इंग्लंडवर चालून येऊ लागली, आणि लंडनच्या वाटेवरचे हे एक मोठे नाके ठरले.

त्या लढाईत ब्रिटिश बाजूने सुमारे तीन हजार वैमानिक आणि त्यांचे साथीदार आकाशात लढले. त्यांतले पाचशेहून अधिक कामी आले. २० ऑगस्टला चर्चिलसाहेबांनी पार्लमेंटात त्या मूठभरांचा गौरव केला. तो यथार्थच होता. पण आकाशातल्या प्रत्येक माणसामागे जमिनीवर किती हात राबत होते, तेही पाहिले पाहिजे.

किनाऱ्यावरची रडार केंद्रे आणि दुर्बिणी लावून बसलेले निरीक्षक शत्रूची चाहूल घेत. खबर टेलिफोनने निघे, वरच्या कचेऱ्यांत पारखली जाई आणि बिगिन हिलच्या नियंत्रणकक्षात पोचे. तेथे मोठ्या मेजावर नकाशा मांडलेला असे. कानाला टेलिफोन लावलेल्या तरुण मुली लांब काठ्यांनी त्यावर सोंगट्या सरकवीत. त्या सोंगट्या पाहून वैमानिकांना हुकूम सुटे. बाहेर मैदानात फिटर, इंजिनवाले, दारूगोळेवाले तयार असत. विमान उतरले की पेट्रोल भरायचे, आठही मशिनगनींत काडतुसांचे पट्टे चढवायचे, इंजिन तपासायचे आणि काही मिनिटांत ते पुन्हा वर पाठवायचे. गिरणीतली पाळी निदान भोंग्याबरोबर सुटते. या पाळीला भोंगा होता, पण तो हल्ल्याचा.

३० ऑगस्टच्या संध्याकाळी जर्मन बाँबफेकी विमाने अगदी खालून आली. कारखाने, कोठारे उद्ध्वस्त झाली. पाणी, वीज, गॅस तुटले. एक बाँब माणसांनी भरलेल्या खंदकावर पडला. त्या एका हल्ल्यात ३९ माणसे मेली. टेलिफोनची केबलही तुटली, आणि केबल तुटली म्हणजे सारी यंत्रणा बहिरी झाली. तेव्हा पोस्टखात्याचे तारवाले खड्ड्यात उतरले आणि एकेक तार शोधून जोडीत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला आणि नियंत्रणकक्षालाच तडाखा बसला. पुढे ते काम गावातल्या एका खाटकाच्या दुकानातून चालविले गेले. विमानतळ मोडला, पण काम बंद पडले नाही.

त्या दिवसांतल्या तीन स्त्रियांची नावे इतिहासाने नोंदली आहेत. सार्जंट जोन मॉर्टिमर शस्त्रागारातल्या टेलिफोनपाशी होत्या. चहूकडे स्फोटके असताना त्या जागच्या हलल्या नाहीत. मग लाल बावट्यांचा जुडगा घेऊन त्या मैदानात गेल्या आणि जेथे जेथे न फुटलेला बाँब पडला होता तेथे तेथे बावटा रोवीत फिरल्या. सार्जंट हेलन टर्नर आणि कॉर्पोरल एल्स्पेथ हेंडरसन यांनीही इमारतीवर बाँब पडत असता टेलिफोन सोडला नाही. तिघींनाही त्याच वर्षी 'मिलिटरी मेडल' मिळाले.

आता पगारपत्रक पाहा. या स्त्रियांच्या दलाला पुरुषांच्या दोन-तृतीयांश पगार होता. लाल बावटा रोवणारा हात बाईचा होता म्हणून बाँब एक-तृतीयांश कमी फुटणार होता काय? नागरिकांचीही तीच गत. हवाई हल्ल्यात जायबंदी झालेल्या बाईला पुरुषाहून कमी भरपाई मिळे. तेथल्या स्त्रियांनी चळवळ केली, तेव्हा कोठे १९४३ साली ती सारखी झाली. समान वेतनाच्या कायद्याला तर ब्रिटनमध्ये १९७० साल उजाडले, आणि आपल्याकडे १९७६. शौर्याचे पदक लवकर मिळते, मंडळी. पगारातली तफावत भरून निघायला तीस वर्षे लागतात.

कोणी विचारील, हे साम्राज्याचे सैन्य. आपण त्यांची आठवण का काढावी? प्रश्न रास्त आहे. त्याच १९४० च्या १७ ऑक्टोबरला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला होता आणि त्यांना लगोलग कैद झाली. फॅसिझमशी झुंजणारे ते राज्य आपल्याला मात्र स्वातंत्र्य नाकारीत होते. ही गोष्ट आम्ही विसरत नाही. पण त्या सरकारचा हिशेब वेगळा, आणि रात्रभर खड्ड्यात बसून तारा जोडणाऱ्याचा हिशेब वेगळा. पहिला चुकता करून घेताना दुसऱ्याचे ऋण नाकारणे कामकऱ्याला शोभत नाही.

बिगिन हिलला १९५१ साली एक स्मारक-चर्च उभे राहिले. तेथे वेदीमागच्या फलकांवर त्या विभागातून उडून परत न आलेल्या साडेचारशेहून अधिक जणांची नावे आहेत. शेजारच्या दालनातल्या रंगीत काचांवर जमिनीवरच्या सेवांची चित्रे आहेत. उडणारे नावाने राहिले, राबणारे कामाने राहिले. चित्र काढले हेही चांगलेच. पुष्कळ ठिकाणी तेवढेही होत नाही.

आपल्या पुण्याजवळचा लोहगावचा विमानतळही १९३९ साली, त्याच युद्धाच्या छायेत, सुरू झाला. पुढच्या खेपेस तेथून उडाल, तेव्हा खालच्या धावपट्टीकडे एकवार पाहा. ती कोणाच्या तरी हातांनी घातली आहे. आपल्या गावात असे कोणते धरण, कोणता पूल, कोणती गिरणी आहे, आणि ती उभारणारे कोणी वृद्ध हयात आहेत का, हे घरी गेल्यावर विचारा. सापडले तर त्यांच्यापाशी बसा आणि त्यांचे नाव वहीत लिहून ठेवा. हजेरीपट असाच भरतो.