लाल गाड्या गेल्या, निळी गाडी आली

'काका, तुमच्या बँकेतल्या आठवणी लिहा,' असा स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा आग्रह होता. पण त्या आठवणी दर कोजागरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत तुम्ही सगळ्यांनी ऐकल्या आहेत, काहींनी तर दोनदा. म्हणून यंदा विषय बदलतो.

निमित्त आपल्या गेल्या वार्षिक सभेचे आहे. साडेतीन तासांच्या सभेत दोन तास नुसते पार्किंगवर गेले. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आवारात चार मोटारी होत्या, बाकी सगळ्या स्कूटरी आणि सायकली. आज मोटारींना जागा पुरत नाही, म्हणून मागची बाग काढायची का, हा प्रश्न पुढच्या सभेवर ढकलला आहे. सभा संपल्यावर जिन्यात दुसरा वाद पेटला. पुण्याला मेट्रो हवी की आणखी उड्डाणपूल? दोन्ही बाजूंचे आवाज चढले. मी गप्प होतो, कारण मला एका दुसऱ्याच शहराची गोष्ट आठवत होती. हाच वाद त्या शहरात शंभर वर्षांपूर्वी झाला, त्याचा निकाल लागला आणि पुढे तो निकाल बदलावाही लागला.

ते शहर म्हणजे अमेरिकेतले लॉस एंजेलिस. आमची मुलगी तिथे असते. निवृत्तीनंतर आम्ही दोघे सहा महिने तिच्याकडे राहून आलो. घर छान, हवा छान. पण पहिल्या आठवड्यातच कळले की इथे मोटार चालवता येत नसेल तर माणूस पाय असून पांगळा. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी जावयांच्या सुट्टीची वाट बघायची. ज्याने चाळीस वर्षे सकाळी पिशवी घेऊन मंडई गाठली, त्याला हे जड जाते. वेळ घालवायला मी लायब्ररीत बसू लागलो आणि तिथे जुन्या फोटोंच्या एका पुस्तकात मला लाल रंगाच्या विजेच्या गाड्या दिसल्या. मला वाटले, फोटो दुसऱ्या कुठल्या गावाचा असेल. खाली नाव होते लॉस एंजेलिस.

१९०१ साली हेन्री हंटिंग्टन नावाच्या उद्योगपतीने आयझायस हेलमन या बँकरच्या साथीने 'पॅसिफिक इलेक्ट्रिक' ही रेल्वे कंपनी काढली. ४ जुलै १९०२ रोजी तिची लाँग बीचपर्यंतची गाडी सुरू झाली. पुढे पॅसाडिना, सॅन बर्नार्डिनो, सांता आना, समुद्रकाठची गावे, डोंगरापायथ्याची गावे असे रूळ पसरत गेले आणि भरभराटीच्या काळात त्यांची लांबी १,६०० किलोमीटरच्या वर गेली. ज्या शहराला आज जग मोटारींचे शहर म्हणून ओळखते, ते मुळात रेल्वेच्या रुळांवर वाढले.

आता बँकवाल्याची नजर. हंटिंग्टनसाहेबांचा खरा धंदा जमिनीचा होता. आधी ओसाड जमीन घ्यायची, तिथपर्यंत गाडी न्यायची आणि मग प्लॉट विकायचे. गाडीतल्या तुटीची भरपाई प्लॉटमध्ये होत असे. पण प्लॉट एकदाच विकला जातो आणि गाडी मात्र रोज चालवावी लागते. १९११ साली ही कंपनी सदर्न पॅसिफिक या मोठ्या रेल्वेकडे गेली. तोपर्यंत वसाहती लांबलांब पसरल्या होत्या आणि तिथे राहणारी माणसे गाडीवर अवलंबून होती.

मग मोटार आली. ही मंडळी मूर्ख होती आणि मोटारीला भुलली, असे मात्र समजू नका. गाड्यांना गर्दी असे, रस्त्यावरचे रूळ मोटारींनी अडल्यामुळे त्या रखडत, आणि कंपनी म्हणजे मक्तेदार, तिच्यावर लोकांचा राग होता. मोटार दारातून दारात नेत होती. एप्रिल १९२० मध्ये नगर परिषदेने शहराच्या मध्यभागी दिवसा मोटारी उभ्या करायला बंदी घातली, का तर विजेच्या गाड्या वेळेवर धावाव्यात. दुकानदार ओरडले, मोटारवाल्यांनी मोटारींची मिरवणूक काढली आणि महिन्याच्या आत नियम सैल करावा लागला. पार्किंगवरून भांडणे शंभर वर्षांपूर्वीही होत होती, हे वाचून मला आपली सभा आठवली आणि हसू आले.

१९२४ साली मतदारांनी रस्ते रुंद करण्याच्या मोठ्या आराखड्याला आणि त्यासाठीच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. १९२५ साली केल्कर आणि डी ल्यू या सल्लागार कंपनीने भुयारी आणि उंच खांबांवरच्या रेल्वेची योजना सादर केली. (हे केल्कर आपले केळकर नव्हेत, मीही आधी फसलो.) एप्रिल १९२६ मध्ये मतदान झाले ते मध्यवर्ती स्टेशन हवे की खांबांवरची रेल्वे हवी, अशा स्वरूपाचे. एका मोठ्या वर्तमानपत्राने खांबांवरच्या रेल्वेविरुद्ध मोहीम चालवली. लोकांनी स्टेशन निवडले. ते स्टेशनही उघडले १९३९ साली. जलद रेल्वेची योजना कपाटातच राहिली.

आता मुख्य मुद्दा, आणि तो हिशेबाचा आहे. रेल्वे कंपनीचे स्वतःचे खाते होते. रूळ तिचे, वीज तिची, नोकर तिचे, मालमत्तेवरचा कर तिने भरायचा. भाडे वाढवायला सरकारी आयोगाची परवानगी लागायची. इतकेच काय, रुळांमधला रस्ता फरसबंद ठेवणेही कंपनीच्याच माथी. त्या फरसबंदीवरून मोटारी फुकट धावायच्या आणि गाडीला अडवायच्या. वर्षअखेरीस ताळेबंदात तोटा दिसला की लोक म्हणत, 'रेल्वे परवडत नाही.'

रस्त्याला असे खाते नव्हते. रस्ता सरकारी. त्याच्यासाठी पेट्रोलवर कर होता आणि १९३८ साली कॅलिफोर्नियाने राज्यघटनेतच तरतूद केली की हा पैसा रस्त्यांच्या कामावरच खर्च व्हावा. १९४७ साली तो कर वाढवला गेला. १९५६ साली केंद्र सरकारने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चाचा ९० टक्के भार उचलायचे ठरवले. दहा टक्के घाला आणि महामार्ग घ्या, अशी योजना आली तर कुठली नगरपालिका नाही म्हणेल? मोटारीची किंमत, विमा, दुरुस्ती आणि वाहतुकीत अडकलेला वेळ, हे सगळे ज्याच्या त्याच्या घरखर्चात गेले. ते एकत्र करून कोणी ताळेबंद मांडलाच नाही. म्हणून रेल्वेचा तोटा सगळ्यांना दिसला आणि रस्त्याचा कोणालाच दिसला नाही. मी पस्तीस वर्षे कर्जाच्या फाइली तपासल्या आहेत. दोन प्रस्तावांची तुलना करताना एकाचा सगळा खर्च धरला आणि दुसऱ्याचा निम्माच धरला, तर आमचे मॅनेजर ती फाइल फेकून द्यायचे.

३० डिसेंबर १९४० रोजी पॅसाडिनाला जाणारा अरोयो सेको पार्कवे हा तिथला पहिला द्रुतगती मार्ग खुला झाला. त्याच सुमारास काहुएंगा खिंडीत जो रस्ता झाला, त्याच्या मधोमध लाल गाड्यांचे रूळ होते. रस्ता आणि रेल्वे शेजारी शेजारी, दोघांनाही जागा. १९५२ साली ती रेल्वेसेवा बंद झाली आणि रूळ उखडून तिथे मोटारींसाठी जादा रांगा केल्या. हॉलिवूडकडे जाणारा भुयारी मार्ग १९२५ साली मोठ्या कौतुकाने सुरू केला होता, तो १९५५ साली बंद पडला. ९ एप्रिल १९६१ रोजी लाँग बीचची शेवटची लाल गाडी धावली. १९६३ च्या मार्चअखेर शहरातल्या उरलेल्या ट्रामही थांबल्या. आपल्या मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, म्हणजे एका वर्षाचे अंतर. फरक एवढाच की मुंबईची लोकल जिवंत राहिली.

मोटार, टायर आणि तेल कंपन्यांनी कट करून ट्राम मारल्या, असे तुम्ही ऐकले असेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. या कंपन्यांचा पैसा असलेल्या नॅशनल सिटी लाइन्सने अनेक शहरांच्या ट्राम कंपन्या घेतल्या. बस आणि सुटे सामान आपल्याकडूनच खपावे असा कट केल्याबद्दल १९४९ साली न्यायालयाने त्यांना दोषी धरले. दंड झाला प्रत्येक कंपनीला पाच हजार डॉलर! पण लॉस एंजेलिसच्या लाल गाड्या या कंपनीच्या ताब्यात नव्हत्या. त्या मोडल्या त्या चाळीस वर्षांच्या छोट्या छोट्या निर्णयांनी, आणि त्यातले बरेचसे लोकांनी स्वतः, मते देऊन घेतले. खलनायक सापडला की आपल्याला बरे वाटते. पण तिथले बहुतेक लोक तुमच्याआमच्यासारखेच होते, समोरची अडचण आज सुटावी एवढेच बघणारे.

मग काय झाले? महामार्ग भरले. रुंद केले, पुन्हा भरले. रेल्वेसाठी कर द्यायचा प्रस्ताव लोकांपुढे १९६८, १९७४ आणि १९७६ असा तीनदा आला आणि तिन्हीदा पडला. १९८० साली विक्रीवरचा अर्धा टक्का कर मंजूर झाला. १४ जुलै १९९० रोजी 'ब्लू लाइन' म्हणजे निळी गाडी सुरू झाली. कुठून कुठे? लॉस एंजेलिस ते लाँग बीच. म्हणजे १९०२ साली जिथे लाल गाडी धावली आणि १९६१ साली थांबली, बऱ्याच अंशी त्याच वाटेवर. खर्च आला सुमारे ८७ कोटी ७० लाख डॉलर. ते जमले तरी का? कारण मधल्या काळात त्या रुळांवरून मालगाड्या जात होत्या, त्यामुळे जागा विकली गेली नव्हती. जिथे जागा गेली, तिथे जमिनीखालून जावे लागले किंवा जाताच आले नाही.

मी या गाडीने लाँग बीचला गेलो. मुलीने डबा दिला, तिकीट कसे काढायचे ते दोनदा समजावले. डब्यात मोलमजुरी करणारे, विद्यार्थी, माझ्यासारखे म्हातारे. चार महिन्यांत पहिल्यांदा मी कोणाला न विचारता कुठेतरी गेलो होतो. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर जिन्यातली मंडळी मला सोडणार नाहीत. रेल्वे आली म्हणून तिथली वाहतूक कोंडी संपली नाही. शहर इतके पसरले आहे आणि कामाच्या जागा इतक्या विखुरल्या आहेत की गाडी सगळीकडे पोचूच शकत नाही. रेल्वेवर पैसा ओतल्यामुळे बसचे हाल होतात, अशी तक्रार घेऊन गरीब बसप्रवाशांची संघटना न्यायालयात गेली आणि १९९६ साली तडजोड होऊन वाहतूक मंडळाला बससेवा सुधारायची हमी द्यावी लागली. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण रस्ता तरी कुठे पुरला? सेपुल्वेडा खिंडीतला महामार्ग एक अब्ज डॉलरहून जास्त खर्चून रुंद केला, ते काम २०१४ साली पुरे झाले आणि कोंडी होती तशीच राहिली.

एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. १७ जानेवारी १९९४ च्या भूकंपात उत्तरेकडच्या महामार्गाचे पूल कोसळले. तिथे जेमतेम सव्वा वर्षापूर्वी सुरू झालेली उपनगरी रेल्वे होती, 'कोण बसणार' म्हणून हिणवलेली. त्या आठवड्यात तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. थोड्याच दिवसांत नवी तात्पुरती स्टेशने उभी करून गाडी आणखी पुढे नेली. रस्ते दुरुस्त झाल्यावर बरेच लोक मोटारीकडे परतले, हेही खरे. पण नडीला कोण उपयोगी पडले, ते सगळ्यांनी पाहिले.

आता आपल्या पुण्याकडे येतो. आपली लोकल १९७८ पासून लोणावळ्याच्या एकाच दिशेला जाते. मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी २०२० साली पाडला, त्याला पुरती दोन दशकेही झाली नव्हती. एका हाताने बांधायचे आणि दुसऱ्याने पाडायचे, हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, हे कोणी तरी सांगावे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी स्कूटर विकली. आता पेन्शनच्या कामाला मेट्रोने जातो. गाडी उत्तम आहे. पण आपल्या फाटकापासून स्टेशनपर्यंत पोचणे हीच माझी खरी परीक्षा. फुटपाथवर गाड्या उभ्या, रस्ता ओलांडायला कोणी थांबत नाही. आज जे तिशी-चाळिशीत आहेत त्यांना हे कळणार नाही, पण तुमचीही स्कूटर एक दिवस विकली जाणार आहे. मोटार नसावी, असे माझे म्हणणे नाही. आमच्या चिरंजीवांची मोटार आवारातच उभी असते आणि रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला तीच कामाला येते.

म्हणणे एवढेच की तुलना करताना दोन्ही बाजूंचा खर्च पूर्ण मांडा आणि मोकळी जागा विचार करून द्या. बाग काढली तर आठ मोटारींची सोय होईल, हे मी मोजून पाहिले आहे. मोटारी ज्या वेगाने वाढताहेत, त्या हिशेबाने तीन वर्षांत पुन्हा तीच सभा, तोच विषय. तेव्हा काढायला दुसरी बाग नसेल. खजिनदार म्हणून बारा वर्षे तुम्ही माझे आकडे मान्य केलेत, म्हणून हाही आकडा तुमच्यापुढे ठेवतो. निर्णय अर्थातच सभेचा.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत आपल्यातले कोणीतरी पुण्याची गोष्ट लिहील. ती वाचायला मी नसेन, पण ती लॉस एंजेलिससारखी नसावी, एवढी इच्छा आहे.