फुकटे कोण? हरेगावच्या मळ्यावरून अनुदानाचा हिशेब

बेलापूरच्या विहारात आम्ही अर्थसंकल्पावर अभ्यासवर्ग घेतला. पंधरा-वीस पोरं होती, निम्मी आयटीआयची, काही कॉलेजची, दोघं ऊसतोडीहून आलेली. आम्ही आकडे सांगत होतो आणि एक पोरगा मान खाली घालून बसला होता. शेवटी म्हणाला, "दादा, आकडे ठीक आहेत. पण कट्ट्यावर मला म्हणतात, तुम्हाला रेशन फुकट, शिष्यवृत्ती फुकट, घरकुल फुकट, तुमच्यामुळे देश बुडाला. त्यांना काय सांगू?"

त्याला त्या दिवशी घाईत दिलेलं उत्तर आमचं आम्हालाच पटलं नाही. म्हणून हा लेख.

आधी देशाच्या अर्थसंकल्पात अनुदान म्हणून जे उघड लिहिलेलं असतं ते बघू. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अन्नधान्याच्या अनुदानासाठी सुमारे २ लाख ५ हजार कोटी रुपये होते आणि खताच्या अनुदानासाठी सुमारे १ लाख ६४ हजार कोटी. पहिल्या रकमेतून ऐंशी कोटींच्या आसपास माणसांना महिन्याला माणशी पाच किलो धान्य मिळतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने ते स्वस्तात दिलं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. दुसऱ्या रकमेमुळे युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना पडते. तिचा खरा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे.

आता कट्ट्यावरच्या मित्राला विचारा, गोणी कोणाला मिळते? ज्याला जमीन आहे त्याला. तीन एकरवाल्याला तीन एकरांची, तीस एकरवाल्याला तीस एकरांची. भूमिहीनाला शून्य. देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या साडेसोळा टक्क्यांच्या वर, पण कसल्या जाणाऱ्या जमिनीतला वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्यातले जवळपास निम्मे कष्टकरी शेतमजूर म्हणून नोंदले गेले. तरीही कट्ट्यावर गोणीला कोणी फुकट म्हणत नाही. फुकट म्हणतात ते पाच किलोंना.

हा भेद आजचा नाही. तो कसा पडला, हे समजायला आमच्या भागाइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

दौंड-मनमाड मार्गावर बेलापूर स्टेशनात उतरलात तर तुम्ही श्रीरामपुरात उभे असता. खरं बेलापूर तिथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी. बेलापूर कंपनी नावाची साखर कंपनी होती, तिचा कारखाना मात्र हरेगावात. हरेगाव म्हटलं की आपल्या तरुणांना ऑगस्ट २०२३ आठवतो. शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून दलित पोरांना झाडाला उलटं टांगून मारलं, ते हेच हरेगाव. आम्हाला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या शंभर वर्षं आधी सुरू होते.

अनुदान म्हणजे फक्त खात्यात पडलेले पैसे नव्हेत. सरकारला एखादी गोष्ट पुरवायला जो खर्च येतो आणि ती घेणाऱ्याकडून जे वसूल होतं, त्यांच्यातला फरक म्हणजे अनुदान. १९९७ साली केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने याच मापाने हिशेब मांडला, तेव्हा केंद्र आणि राज्यं मिळून अनुदान राष्ट्रीय उत्पन्नाच्या १४ टक्क्यांच्या आसपास निघालं. त्यातला मोठा भाग गरिबांच्या नावावर नव्हताच. तो पाणी, वीज, उद्योग अशा सेवांमध्ये लपलेला होता.

हे माप प्रवरेला लावून बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांनी नगर जिल्हा मोडला. १९०१-०३ च्या सिंचन आयोगाने दख्खनमध्ये दुष्काळापासून बचावाची कामं काढायला सांगितलं. १९१० मध्ये भंडारदऱ्याला धरण बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. खाली ओझरच्या बंधाऱ्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे काढले. कारण सांगितलं दुष्काळाचं, म्हणजे ज्वारी-बाजरी वाचवायची. पण ज्वारीवाला पाऊस बरा झाला की पाणी घेत नाही, त्यामुळे पाणपट्टी जमत नाही. बारमाही पाणी पिणारं आणि पैसे मोजणारं पीक एकच, ऊस. कालव्याचं पाणी खपवायचं तर ऊस हवा, ऊस खपवायचा तर कारखाना हवा. १९२० च्या आगेमागे बेलापूर कंपनी उभी राहिली ती या गरजेतून.

कंपनीला मोठा सलग मळा पाहिजे होता. आजूबाजूच्या नऊ गावांतली सात हजारांवर एकर जमीन ब्रिटिश सरकारने शेतकऱ्यांकडून घेतली आणि कंपनीच्या हाती दिली. ज्यांची जमीन गेली त्यात मराठे होते, माळी होते, आपलेही होते. त्यांच्या वारसांचा लढा पिढ्यानपिढ्या चालला आणि आम्ही त्यांच्या दुःखाला छोटं मानत नाही. मुद्दा एवढाच की दुष्काळग्रस्त रयतेच्या नावाने काढलेल्या कालव्याचा पहिला मोठा गिऱ्हाईक खासगी कंपनी झाली. पाणपट्टीतून तर गुंतवणुकीचं व्याजही निघेना. दख्खनचे कालवे इतके तोट्यात होते की १९३८ मध्ये मुंबई सरकारला विश्वेश्वरय्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. तो तोटा प्रांताच्या तिजोरीने सोसला.

वर आणखी एक हात मिळाला. १९३२ मध्ये केंद्राने साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला आणि परदेशी साखरेवर हंड्रेडवेटमागे ७ रुपये ४ आणे जकात बसवली. देशातले कारखाने तिशीच्या घरात होते, ते चार-पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. जावाची स्वस्त साखर बंद झाली आणि फरक प्रत्येक गिऱ्हाइकाने भरला, गिरणीतल्या कामगाराने आपल्या चहाच्या कपातून. हे अनुदान अर्थसंकल्पात कुठे दिसतच नाही, कारण ते तिजोरीतून जात नाही, परस्पर खिशातून जातं.

आता दुसरी बाजू. याच काळात महार काय घेत होते आणि काय देत होते?

देत होते श्रम. वतनदार महार म्हणजे सरकारचा चोवीस तासांचा नोकर. सारा वसुलीची वर्दी द्यायची, भरणा तालुक्याला पोचवायचा, टपाल न्यायचं, चावडी राखायची, साहेब आला की त्याच्या पुढे धावायचं. पगार नाममात्र. बाकी बलुतं, तेही गावाच्या मर्जीवर, आणि वतनाचा तुकडा, जो पिढीगणिक वाटून वाटून वावभर उरला. बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्त करणारं विधेयक मांडलं, त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे. सरकार काम करून घेतं तर सरकारने पगार द्यावा. आजच्या भाषेत सांगायचं तर मुंबई सरकारच्या महसूल खात्याला महार समाज अनुदान देत होता. पगारावरचा जो खर्च अर्थसंकल्पात दिसायला हवा होता, तो दिसत नव्हता, कारण तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगावर टाकलेला होता.

त्याआधी फेब्रुवारी १९२७ मध्ये कायदेमंडळात आल्या आल्या अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्यावर बोट ठेवलं होतं. प्राप्तिकराला किमान उत्पन्नाची मर्यादा आहे, शेतसाऱ्याला नाही. जहागीरदार आणि एकरभराचा धनी एकाच दराने भरतात. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिलेला माणूस बोलत होता. भावनेवर उडवून लावता येईल असं त्यात काही नव्हतं.

आणि मग डिसेंबर १९३९. महार-मांग वतनदारांची परिषद भरली ती हरेगावात आणि बाबासाहेब तिथे आले. विषय होता वतनी जमिनीवरच्या जुडीचा बोजा. चित्र डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला सरकारी तोट्याच्या पाण्यावर, सरकारने मिळवून दिलेल्या जमिनीवर, सरकारच्या जकातीच्या आडोशाला उभा असलेला ऊस. दुसऱ्या बाजूला त्याच मातीवर जमलेले लोक, ज्यांच्या तुकड्यावर सरकार जास्तीची वसुली मागत होतं. बाबासाहेबांचं हे भाषण आपल्याकडे वतनाच्या प्रकरणात वाचतात. आमच्या मते ते अर्थसंकल्पाच्या प्रकरणातही वाचायला हवं.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मांडलेली योजना बहुतेकांना ठाऊक आहे. जमीन राज्याची, ती गावातल्या लोकांना जातपात न बघता सामुदायिक पद्धतीने कसायला द्यायची. पाणी, बियाणं, खत, अवजारं, भांडवल राज्याने पुरवायचं. यातली अर्थशास्त्रीय मेख आम्हाला फार उशिरा कळली. राज्याचा पैसा सातबाऱ्याला चिकटला की तो जमिनीच्या किमतीत शिरतो. कालवा आला की बांधावरची जमीन महागते, वीज आली की आणखी महागते. म्हणजे मजुराने भरलेल्या अप्रत्यक्ष करातूनच जमीन त्याच्या आवाक्याबाहेर जाते. बाबासाहेबांनी तो पैसा सातबाऱ्यावरून काढून कसणाऱ्या हातावर ठेवला होता.

हरेगावात ही योजना करून बघायची संधी अक्षरशः आयती आली. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने साखर कारखान्यांचे मळे सरकारकडे आले आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ निघालं. सलग जमीन, बारमाही पाणी, वसाहती, पिढीजात शेतमजूर, सगळं जागेवर. फक्त जमीन कसणारे मजूरच राहिले. कारखान्याला ऊस अखंड मिळावा म्हणून मळा फोडायचा नाही, असं कायद्यातच कलम होतं. मालक कंपनीच्या जागी महामंडळ आलं. लगेच पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला आणि लाखोंनी तुरुंग भरले. त्यांची मागणी होती कसायला जमीन.

पुढे ज्यांनी कारखान्यांना खंडाने जमिनी दिल्या होत्या त्या खंडकऱ्यांचा लढा मोठा झाला आणि २०१२ पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. न्याय झाला, मान्य. पण महामंडळाच्या मजुरांची मागणी काय होती? थकलेली देणी आणि राहायला दोन गुंठे. ज्या सातबाऱ्यावर कधी नावच नव्हतं तो परत कसा मिळणार?

सहकाराबद्दल थोडक्यात. लोणीला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभ्या केलेल्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० चा. खासगी कंपनीपेक्षा ते पाऊल निश्चित पुढचं होतं. सहकारी कारखान्यांना सरकारने भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली. पण ऊस उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो आणि उसाला जमीन. कोयता घेऊन येणारा सभासद होत नाही. सार्वजनिक पैशावर उभ्या संस्थेत मताचा अधिकार पुन्हा सातबाऱ्यावरच अडकला.

आता पाच किलोंकडे येऊ. त्यांचा परिणाम फक्त पोट भरण्यापुरता नाही. घरात महिन्याचं धान्य असलेली बाई सकाळी मुकादमाला "या मजुरीत येत नाही" म्हणू शकते. रोजगार हमीचंही हेच. बाहत्तरच्या दुष्काळातून आलेला हा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. हमीच्या कामावर बांधलेले पाझर तलाव आणि नाला बांध ज्याच्या शेताजवळ त्याच्या विहिरीला पाणी देऊन गेले, मजुराला मिळाली तेवढी मजुरी. तरी तक्रार कायम एकच, मजूर मिळत नाहीत, माजलेत. कट्ट्यावरचं 'फुकटे' हे या तक्रारीचंच दुसरं रूप आहे, देशाच्या तिजोरीची काळजी त्यात फारशी नाही. तिजोरीची असती तर सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आणला आणि सरकारनेच वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडल्याचं सांगितलं, तेव्हाही कट्टा पेटला असता.

आम्ही खताचं अनुदान बंद करा म्हणत नाही. ते उद्या बंद झालं तर आधी मरेल दोन एकरवाला, आणि मग त्याच्या रानात जाणारी आपली माणसं. आमचा प्रश्न नोंदीचा आहे. केंद्रीय अर्थसंकल्पात अनुसूचित जातींच्या कल्याणासाठीच्या तरतुदींचं विवरणपत्र असतं, १०अ. त्यात खताच्या अनुदानाचाही हिस्सा दाखवला जातो. म्हणजे ज्याला जमीन नाही त्याच्या नावावर युरियाची गोणी खर्ची पडते आणि वर फुकटा म्हणूनही तोच ऐकतो. आंध्र आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये असा निधी बांधून ठेवणारा कायदा केला, महाराष्ट्रात तो अजून नाही.

बेलापूरच्या त्या पोराला आम्ही हे सगळं पुन्हा भेटून सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "१०अ मोबाइलवर मिळतं का?" मिळतं, इंडिया बजेटच्या संकेतस्थळावर. पुढच्या वर्गाला तेच छापून आणणार आहोत. येताना प्रत्येकाने घरातल्या थोरांना विचारून यायचंय की आपल्या घरातलं कोण मळ्यावर होतं, किती वर्षं, आणि शेवटी हातात काय पडलं.