यवतमाळ जिल्हा : लोकसंख्यावाढ, स्थलांतर आणि जनगणनेची मर्यादा

आजच्या यवतमाळ जिल्ह्याशी बहुतांशी जुळणाऱ्या प्रदेशाची लोकसंख्या 1901 मध्ये सुमारे 5 लाख 76 हजार होती. 2011 च्या जनगणनेत ती सुमारे 27 लाख 72 हजार झाली. 110 वर्षांतील ही वाढ सुमारे 4.8 पट आहे. परंतु केवळ वाढीच्या आकड्यांवरून या जिल्ह्याचा लोकसंख्येचा इतिहास समजून घेता येत नाही. जो प्रदेश एके काळी माणसे सामावून घेत होता, तोच पुढे माणसे बाहेर पाठवू लागला. हे परिवर्तन जनगणनेच्या तक्त्यांत मात्र अंधुकच दिसते.

निजामाने 1853 च्या तहान्वये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. त्या वेळी वर्धा व पैनगंगा या नद्यांमधील हा डोंगराळ भाग विरळ वस्तीचा होता. पडीक जमीन लागवडीखाली आणण्यासाठी 1865 च्या नियमांनुसार संपूर्ण गावे इजाऱ्याने देण्यात आली. जिल्ह्यातील अनेक गावांच्या नावांपुढे आजही ‘इजारा’ हा शब्द लागतो, तो या वसाहतीचाच अवशेष होय. गोंड व कोलाम येथे पूर्वीपासून होते. कुणबी व इतर शेतकरी समाज नव्या जमिनीच्या ओढीने आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) कापसाला आलेल्या तेजीने या ओघाला बळ दिले.

वऱ्हाडची पहिली जनगणना 1867 मध्ये झाली आणि त्याच वर्षी लोहमार्ग नागपूरला पोहोचला. हा योगायोग अर्थपूर्ण आहे. बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य वाहणाऱ्या बंजारा समाजाची लदेणी रेल्वेमुळे मोडली आणि फिरते तांडे पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांत स्थिरावू लागले. याच समाजातील वसंतराव नाईक यांचा जन्म 1913 मध्ये पुसदजवळील गहुली येथे झाला आणि 1963 ते 1975 या काळात ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. तांड्यापासून मुख्यमंत्रिपदापर्यंतचा हा प्रवास सर्वपरिचित आहे. तांड्यातील उर्वरित कुटुंबांचा प्रवास तितका अभ्यासला गेलेला नाही.

1891 ते 1901 या दशकात दोन दुष्काळांमुळे वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 28.97 लाखांवरून 27.54 लाखांवर आली. घट जवळजवळ 5 टक्के होती. त्या वेळच्या वणी जिल्ह्यात मात्र ती केवळ 1 टक्का होती. लागवडीस उपलब्ध जमीन व जंगलाचा आधार हे त्याचे एक कारण मानता येईल. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 1905 मध्ये वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले व त्यास पुसदचा प्रदेश जोडला गेला. त्यामुळे 1901 चा 4,66,929 हा जुन्या जिल्ह्याचा आकडा नंतरच्या आकड्यांशी थेट ताडून पाहिल्यास वाढ अवास्तव फुगते. ही चूक सहज घडण्यासारखी आहे.

1991–2001 या दशकात जिल्ह्याची वाढ सुमारे 18.3 टक्के, तर राज्याची 22.7 टक्के होती. पुढील दशकात हे प्रमाण अनुक्रमे 12.8 व 16 टक्के झाले. राज्याच्या वाढीत बाहेरून आलेल्यांचा वाटा आहे हे खरे. तरीही दोन्ही दशकांतील हे अंतर जिल्ह्यातून माणसे बाहेर जात असल्याशी सुसंगत आहे. कोरडवाहू कापूस, कर्जबाजारीपणा आणि 2006 मध्ये पंतप्रधानांच्या पॅकेजला कारणीभूत ठरलेल्या शेतकरी आत्महत्या यांची चर्चा विपुल झाली आहे. तिच्या छायेत हंगामी स्थलांतराचा प्रश्न झाकला गेला.

पुसद, महागाव, उमरखेड या पट्ट्यातील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पतिपत्नी मिळून ‘एक कोयता’ मानला जातो. मागे उरतात वृद्ध आणि शाळेत जाणारी मुले. जपानमध्ये 65 वर्षांवरील लोकांचे प्रमाण सुमारे 29 टक्के आहे. तेथील वार्धक्य दीर्घायुष्य व घटत्या जन्मदरातून हळूहळू आले. महाराष्ट्रात साठीपुढील लोक 2011 मध्ये 9.9 टक्के होते. परंतु ऊसतोडीला जाणाऱ्यांचा तांडा दरवर्षी काही महिन्यांपुरता अत्यंत वृद्ध होतो आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा तरुण होतो. वार्षिक सरासरीत हे वार्धक्य उमटत नाही. जपानी वृद्धामागे निवृत्तिवेतनाची व्यवस्था आहे. येथे श्रावणबाळ योजनेचे मासिक 1,500 रुपये आणि त्यावर नातवंडे सांभाळण्याची जबाबदारी.

इटलीतून 1876 ते 1915 या काळात सुमारे 1.4 कोटी लोक देशाबाहेर गेले आणि त्यांची सरकारी नोंद होत राहिली, कारण त्यांना सीमा ओलांडावी लागत होती. ऊसतोड कामगार कोणतीच सीमा ओलांडत नाही. ओलांडली तरी ती कर्नाटकाची असते. भारतीय जनगणनेने प्रथम जन्मस्थान विचारले, 1971 पासून पूर्वीचे वास्तव्यस्थान आणि 1981 पासून स्थलांतराचे कारण. गावात येऊन राहिलेल्या माणसाला मोजण्यासाठी हे प्रश्न उपयुक्त आहेत. गावातच जन्मलेला, तेथेच घर असलेला आणि वर्षातील काही महिने नसलेला माणूस त्यांतून निसटतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 64 व्या फेरीने (2007–08) अल्पकालीन स्थलांतर विचारात घेतले. पण नमुना पाहणीतून एकेका तांड्याचे चित्र मिळत नाही.

2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत, म्हणजे ऐन गाळप हंगामात झाली. संपूर्ण काळ बाहेर असलेली व्यक्ती जेथे आढळेल तेथे मोजावी, असा नियम होता. साहजिकच तांड्यातील कर्ती माणसे कारखान्याच्या परिसरात मोजली जाण्याची किंवा सुटून जाण्याची शक्यता होती. 2021 ची गणना झाली नाही. पुढील जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भतिथी ठरली आहे आणि तीही हंगामातच येते. घरयादीसाठी मात्र एप्रिल ते सप्टेंबर 2026 हा काळ ठरविण्यात आला. त्या काळात ऊसतोड कुटुंबे बहुतांशी तांड्यावर असतात, आणि घरयादीत कुटुंबात सामान्यतः राहणाऱ्या व्यक्तींची संख्याही नोंदवली जाते. या दोन टप्प्यांतील आकडे गाववार शेजारी मांडल्यास हंगामात कोणत्या तांड्यातून किती माणसे नाहीशी होतात, याचा अंदाज घेता येईल.